आजी नसलेले गाव

“तुमचे गाव कोणते?” आपल्याकडे नव्या माणसाशी ओळख होते ती या प्रश्नाने. आडनाव कळले, जात अदमासाने ताडली, की तिसरा प्रश्न हा यायचाच. मग तो विचारणारा आगगाडीत समोरच्या बाकावर बसलेला गृहस्थ असो, मुलगी पाहायला आलेली मंडळी असोत, की कॉलेजात नव्याने रुजू झालेला सहकारी असो. उत्तर देणाऱ्यालाही त्यात काही अवघड वाटत नाही. तीन पिढ्या गिरगावात काढलेला माणूस बेधडक राजापूर सांगतो, आणि आंब्याच्या दिवसांतसुद्धा तिकडे न फिरकणारा माणूस त्याच गावाच्या नावाने डोळे ओले करतो!

माझी मात्र या प्रश्नाने नेहमी पंचाईत होते. तुमसर सांगावे, तर दिवाळीचे पंधरा दिवस सोडले तर तिथे मी कधी राहिलो नाही. नागपूर सांगावे, तर ते शिक्षणाचे आणि पोटाचे गाव. आणि जिथे माझे दुधाचे दात पडले ते सांगावे, तर समोरचा कपाळाला आठी घालून विचारतो, “हे कुठं आलं?”

ते आले बस्तरमध्ये. आज तो भाग छत्तीसगडच्या दंतेवाडा जिल्ह्यात मोडतो; माझ्या लहानपणी तो मध्य प्रदेशात होता आणि सगळ्या बस्तरचा मिळून एकच जिल्हा होता. दंडकारण्य म्हटले की आपल्याला रामाचा वनवास आठवतो. त्याच दंडकारण्यात बैलाडिला नावाची डोंगरांची रांग आहे. दुरून पाहिले तर बसलेल्या बैलाच्या वशिंडासारखी दिसते, म्हणून हे नाव. बाराशे मीटरांहून उंच, गर्द झाडीने झाकलेली, पावसाळ्यात चार-चार दिवस ढगांतून डोके बाहेर न काढणारी. या वशिंडाच्या पोटात हिंदुस्थानातले एक अत्यंत कसदार लोखंड आहे. शंभर भाग दगड घेतला तर त्यात साठाहून अधिक भाग लोखंड! १९३४-३५ साली भूगर्भशास्त्र खात्याच्या क्रूकशँक नावाच्या साहेबाने सगळी रांग पायाखाली घातली, खनिजाचे चौदा साठे नकाशावर मांडले आणि त्यांना एक ते चौदा असे क्रमांक दिले. हे क्रमांक वाचकांनी ध्यानात ठेवावेत. पुढे त्यांच्याशी काम आहे.

जपानला पोलादासाठी दगड हवा होता आणि आपल्याला परकी चलन. १९६० साली दोन्ही देशांत करार झाला. विशाखापट्टणमजवळच्या कोत्तवलसापासून किरंदुलपर्यंत पूर्वघाट फोडून सुमारे साडेचारशे किलोमीटर लांबीचा लोहमार्ग टाकला, त्यासाठी पन्नासावर बोगदे खोदले, आणि १९६८ मध्ये चौदा नंबरची खाण सुरू झाली. डोंगराच्या पायथ्याशी किरंदुल नावाचे एक आदिवासी गाव होते. त्याच्या शेजारी क्वार्टर्स उभी राहिली, बाजार वसला, शाळा आली, दवाखाना आला, आणि जुन्या गावाचे नाव नव्या शहराने उचलले. पुढे १९७७ मध्ये शेजारच्या बचेलीलाही पाच नंबरवर खाण सुरू झाली.

या शहरात माझे वडील १९७४ साली आले. तुमसरच्या आसपास मँगनीजच्या खाणी आहेत. तिथे इंजिनांची दुरुस्ती करता करता त्यांचा हात बसला होता. घरी धानाची अडीच एकर जमीन आणि वाटेकरी चार भाऊ. कुणीतरी सांगितले की बस्तरात मोठ्या यंत्रांवर माणसे हवी आहेत, पगार बरा, क्वार्टर फुकट. ट्रंक घेऊन ते निघाले. दोन वर्षांनी लग्न करून आईला घेऊन गेले. निघताना आजीने आईच्या पदरात गहू किंवा तांदूळ न बांधता हळकुंडे बांधली होती. त्या जंगलात हळद कुठली मिळायला, अशी तिची समजूत. बस्तरच्या बाजारात हळदीचे ढीग पाहून आई पहिल्यांदा हसली, असे बाबा सांगत.

माझ्या पहिल्या आठवणी तांबड्या आहेत. लोखंडाची धूळ ही मातीसारखी नसते. ती जड असते आणि एकदा बसली की उठत नाही. खिडकीच्या गजांवर, वाळत घातलेल्या चादरींवर, रात्री झाकायचे राहून गेलेल्या दुधावर तिचा थर बसे. शाळेचा पांढरा सदरा तिसऱ्या धुण्याला गुलाबी होई आणि गुलाबीच राही. सगळ्या वर्गाचा एकसारखाच होत असल्यामुळे त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. पावसाळ्यात डोंगरावरून येणारे ओढे गेरूसारखे वाहत. शंखिनी नदी त्यांचे पाणी घेऊन खाली दंतेवाड्याला जाते आणि दंतेश्वरीच्या देवळापाशी डंकिनीला मिळते. एक पाणी स्वच्छ आणि एक तांबडे, असा तो संगम पाहताना लहानपणी मला आमच्या पाण्याचा अभिमान वाटे. आमच्या नदीला रंग होता!

बाबांचे काम वर, डोंगरमाथ्यावर. पहाटे शिफ्टची बस घाट चढू लागे आणि तिचा आवाज वळणागणिक लहान होत जाई. वर सुरुंग लावून डोंगर पायऱ्या-पायऱ्यांनी उतरवीत. फावड्याच्या यंत्राने तो दगड डंपरमध्ये भरत, तिथून तो क्रशरमध्ये जाई आणि फोडलेला माल पट्ट्यावरून खाली येई. पट्टा घरंगळत नाही, वाहतो. रात्री दिव्यांच्या उजेडात तो डोंगरावरून सोडलेल्या लांबलचक धोतरासारखा दिसे. एकदा विश्वकर्मापूजेच्या दिवशी कामगारांच्या मुलांना वर नेले होते. त्या दिवशी डंपरांना हार घातलेले असत. बाबा एका चाकाशी उभे राहिले. ते चाक त्यांच्याहून हातभर उंच होते. “हा माझा,” ते म्हणाले. आमच्या घरात ‘माझे’ हा शब्द बाबांच्या तोंडून क्वचितच ऐकू येई.

खाली दुपारी भोंगा होई आणि मग धाडकन आवाज येई. भिंतीवरची गणपतीची तसबीर एवढीशी हले. आई ती येता-जाता सरळ करी. आम्ही मुले मालगाडीचे डबे मोजत असू. हा दगड विशाखापट्टणमला जातो आणि तिथून जहाजात बसून जपानला, हे आम्हाला गुरुजींनी सांगितले होते. शाळेच्या नकाशात जपान बोटभर दिसे. एवढ्याशा देशाला एवढे डोंगर कशाला लागतात, हा आमचा प्रश्न कुणी सोडवला नाही.

पण मला सांगायची आहे ती त्या गावाची वेगळीच गंमत, आणि ती मला फार उशिरा उमगली. त्या गावात म्हातारी माणसे नव्हती.

म्हणजे असे की क्वार्टर मिळे ते नोकरी असेपर्यंत. माणूस निवृत्त झाला की बिऱ्हाड उचलायचे आणि ‘गावाला’ जायचे. त्यामुळे आमच्या रस्त्यांवरून काठी टेकत जाणारे आजोबा दिसत नसत. कुणाच्या ओट्यावर वाती वळणारी आजी नसे. ज्यांच्या आज्या होत्या त्या केरळात होत्या, श्रीकाकुलमला होत्या, बालाघाटला होत्या, आणि त्यांच्याकडून वर्षाकाठी लोणच्याची बरणी येई. बारसी पुष्कळ होत, लग्नेही होत. पण पंचाहत्तरी म्हणजे काय असते ते मी तुमसरला पाहिले. आमच्या गल्लीत सहा घरे आणि पाच भाषा. डावीकडे तेलुगू अक्का, तिच्या पलीकडे मल्याळी चेची, समोर बंगाली मासीमा. संक्रांतीला अक्काच्या दारात मुग्गू, अश्विनात मासीमांची दुर्गा, भाद्रपदात आम्हा मराठी मंडळींचा गणपती. तो घडवणारा मूर्तिकार बंगाली असल्याने आमच्या गणपतीचे डोळे दुर्गेसारखे लांबट येत. आईला ते पहिल्या वर्षी खटकले, पुढे तुमसरचा गणपती बटबटीत डोळ्यांचा वाटू लागला.

उन्हाळ्याची सुट्टी लागली की गल्ली ओस पडे. जो तो आपापल्या गावाला. राहत त्या एकट्या मासीमा. त्या लहानपणी पूर्व बंगालमधल्या बरिसालहून निर्वासित होऊन आल्या होत्या. दंडकारण्य योजनेखाली सरकारने त्यांच्या कुटुंबाला ओडिशातल्या मलकानगिरीकडे जमीन दिली होती. तिथे आता भावांचे संसार होते. “तुम्ही नाही जात गावाला?” असे आईने पहिल्या वर्षी विचारले, तेव्हा मासीमांनी बरिसालच्या नदीचे वर्णन सुरू केले, आणि आईने पुन्हा कधी विचारले नाही. आम्हा सगळ्यांत खऱ्या अर्थाने देशांतर केलेल्या त्याच. बाकीच्यांनी फक्त प्रांत बदलला होता. पण परके म्हणून जगायचा आव आम्हीच अधिक आणत असू.

आईचा कटाक्ष असा की घरात मराठी बोलायची. शाळा हिंदी, गल्ली पंचरंगी, तेव्हा उंबऱ्याच्या आत तरी आपली भाषा हवी. तिची ‘आपली भाषा’ म्हणजे झाडीबोली. पूर्व विदर्भात, भंडारा-गोंदिया-गडचिरोलीच्या पट्ट्यात ती बोलतात. तिच्यात ‘ण’ नाही, ‘पाणी’ नाही ‘पानी’ आहे. पुस्तकी मराठी मी पुढे नागपूरला शिकलो, आणि ती आज पोटासाठी शिकवतो. पण अजूनही ठेच लागली की तोंडातून झाडीबोलीच येते.

आठवड्याचा बाजार भरे त्या दिवशी डोंगरापलीकडच्या पाड्यांवरून बाया येत. चिंच, मोहाची फुले, चारोळी, तेंदूची फळे, पानांच्या पत्रावळी आणि द्रोण, लाल मुंग्यांची चटणी. ती चटणी पाहून अक्का पदर नाकाला लावी. पूर्वीच्या काळी बस्तरात व्यापारी मिठाच्या बदल्यात चारोळी मापून घेत, हे आता पुस्तकांत वाचायला मिळते. आमच्या वेळी पैसे द्यावे लागत, पण घासाघीस जोरात चाले आणि ती बहुधा एकाच बाजूने होई. समोरच्या बाईला हिंदी येत नसे.

आईलाही धड येत नसे. एका म्हातारीकडे चारोळी होती. आईने तिला आपल्या तुमसरच्या बोलीत काही विचारले. म्हातारीने उत्तर दिले, आणि आईला ते कळले! घरी येताच ती बाबांना म्हणाली, “ते बुढी आपल्याकडचीच वाटते.” बाबा म्हणाले, “अगं, ती इथली आहे. आपण आपल्याकडचे.”

ती बोली हलबी. आमच्या भागातल्या आदिवासींची घरची भाषा गोंडी. पण निरनिराळ्या जमातींची माणसे बाजारात भेटली की हलबीत बोलतात. बस्तर संस्थानच्या काळापासून ती सगळ्यांची मधली भाषा. तुझे नाव काय, हे हलबीत “तुचो नाव काय आय?” असे विचारतात. माझे ते ‘मोचो’. आहे म्हणायचे तर ‘आसे’. आई म्हणजे ‘आया’, बायको ती ‘बायले’. वाचकांपैकी कुणी गोव्याकडचे असतील तर ते इथे दचकतील. त्यांच्या कोकणीतला ‘चो’ आणि ‘आसा’ एवढे जंगल ओलांडून इथे कसा आला म्हणून. म्हातारी माझ्या हाताला धरून पायलीने चारोळी मापायला शिकवी, वर चार दाणे माझ्या मुठीत टाकी आणि मी नीट बोललो नाही तर शब्द पुन्हा म्हणून घेई. मराठीतली विभक्ती मला व्याकरणाच्या पुस्तकाआधी तिच्या टोपलीशी बसून कळली, असे म्हटले तर आमच्या विभागातले सहकारी हसतील. पण ते खरे आहे.

या म्हातारीचा नातू माझ्या वर्गात होता. म्हणजे अख्ख्या वर्गात आजी असलेला तो एकटा.

त्याच्या घरची हकिकत जरा वेगळी होती. खाण सुरू झाली तेव्हा दूरदूरहून एकटे पुरुष आले. त्यांतल्या कित्येकांनी घरकामाला म्हणून आदिवासी मुली ठेवल्या, त्यांच्याशी संसार केले, पण लग्ने केली नाहीत. गावाकडे एक बायको होती किंवा पुढे होणार होती. त्या सुमारास बस्तरचे जिल्हाधिकारी ब्रह्मदेव शर्मा होते. त्यांनी या पुरुषांना गाठले आणि रीतसर लग्ने लावायला भाग पाडले. पुढे हेच शर्मा अनुसूचित जाती-जमातींचे आयुक्त झाले आणि आदिवासींच्या हक्कांसाठी शेवटपर्यंत झगडले. २०१५ मध्ये ते वारले. त्यांच्या त्या सक्तीची आमच्या गल्लीत मोठी माणसे चेष्टा करीत. परंतु त्या सक्तीतली काही लग्ने टिकली. माझ्या या मित्राचे वडील उत्तर प्रदेशातले फिटर, आई इथली. वडिलांनी गावाकडे पैसे धाडले, स्वतः परत गेले नाहीत.

पाचवीत असताना सुट्टीआधी गुरुजींनी एकेकाला उभे करून विचारले, “छुट्टी में कौन से गाँव जाओगे?” कुणी पालघाट म्हणाला, कुणी विजयनगरम, मी तुमसर. त्याची पाळी आली. तो म्हणाला, “मैं तो गाँव में ही हूँ.”

वर्ग खदखदून हसला. गुरुजीही हसले. त्याला आपल्या बोलण्यात हसण्यासारखे काय आहे ते कळले नाही, म्हणून थोड्या वेळाने तोही हसला.

मी घरी येऊन ही गोष्ट सांगितली. आई तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, “मग, खोटं काय बोलला तो?” एवढेच. बाबा नुसतेच तिच्याकडे पाहत राहिले.

दिवाळीला आम्ही निघत असू. किरंदुलहून जगदलपूर जवळजवळ सव्वाशे किलोमीटर, तिथून रायपूर तीनशे, सगळे बसने. केशकालच्या घाटात बारा वळणे आहेत. ड्रायव्हर तेलीन सतीच्या देवळापाशी गाडी थांबवून नारळ फोडी, मग मुलांना ओकाऱ्या सुरू होत. रायपूरला रात्रीची गाडी, गोंदिया मागे टाकले की पहाट, आणि तुमसर रोडच्या फलाटावर काकांची हाक. धानाच्या लोंब्यांचा वास येई. आजी अंगण्यात उभी. ती आधी आमचे कान तपासून पाही आणि म्हणे, “पोराइच्या आंगाचा मुरूम काई जात नाई वं!” मग तीन दिवस शिकेकाईने घासून ती आम्हाला तिच्या मते माणसांत आणी. भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते, रात्री दंडार होते, नाटके होतात. झाडीपट्टीची खरी दिवाळी ती. सगळे भावंडांचे टोळके मंडईला जाई आणि तिथे चुलतभाऊ माझी ओळख करून देत, “हा बस्तरवाला.” किरंदुलला मी तुमसरवाला आणि तुमसरला बस्तरवाला! माझ्यासारखी जी मुले भिलाईत, कोरब्यात, कोलारच्या सोन्याच्या खाणीत वाढली असतील, त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

तिथे आजीला मी हलबी बोलून दाखवी. ती लक्ष देऊन ऐके, आणि म्हणे की ही तर आपल्या गावच्या हलब्यांची जुनी माणसे बोलतात तशी वाटते. आमच्या भागात हलबा समाज मोठा आहे. केव्हा तरी, फार पूर्वी, ही माणसे या जंगलातून त्या जंगलात गेली-आली असतील. त्यांना कुणी स्थलांतरित म्हटले नाही, कारण त्यांची नोंद ठेवणारे कुणी नव्हते.

बारावीनंतर, १९९७ साली, मी नागपूरला आलो. पुढे एम.ए.ला असताना भाषाविज्ञानाच्या तासाला ग्रिअर्सनच्या ‘लिंग्विस्टिक सर्व्हे’चा उल्लेख आला. ग्रंथालयात त्याचा सातवा खंड काढला. १९०५ साली निघालेला हा खंड मराठीचा आहे. पाने उलटता उलटता मधेच हलबी दिसली! साहेबाने बाजारातल्या त्या म्हातारीला मराठीच्या घरात जागा दिलेली होती. नंतरच्या अभ्यासकांना हे पटले नाही. ओडिया, छत्तीसगढी आणि मराठी यांची ही मिसळण आहे, तिला मराठीची बोली म्हणणे बरोबर नाही, असे त्यांचे म्हणणे, आणि अभ्यासक म्हणून मलाही ते मान्य आहे. पण त्या संध्याकाळी ग्रंथालय बंद होईपर्यंत मी त्याच पानांवर होतो. आईला पत्र लिहिले, की तू म्हणत होतीस ते पुस्तकात छापले आहे. तिचे उत्तर आले : “बाजारात विचारलं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं.”

बाबा २००६ मध्ये निवृत्त झाले. बत्तीस वर्षांचे बिऱ्हाड एका ट्रकमध्ये मावले. तोवर तिकडचे दिवस फार वाईट आले होते. जंगलात माओवादी, रस्त्यावर बंदुका, पाडे ओस पडलेले, रात्रीची गाडी धावेल की नाही याचा भरवसा नाही. त्याबद्दल लिहिणारे माझ्याहून जाणकार आहेत. आमच्या कुटुंबापुरते सांगायचे तर आम्ही निघून येऊ शकलो. आम्हाला ‘गाव’ होते.

आता त्या क्रमांकांकडे येतो. आम्ही डोंगरांना त्यांच्या क्रमांकांनीच ओळखत असू. “आज चौदा नंबरवर पाऊस आहे,” “बाबांची बदली अकराला झाली,” असे आम्ही बोलत असू. डोंगराला दुसरे काही नाव असते हे मनातही आले नाही. जून २०१९ मध्ये बातमी वाचली की हजारो आदिवासी किरंदुलला येऊन धरणे धरून बसले आहेत. तेरा नंबरवर खाण नको, कारण तो त्यांचा देव नंदराज आहे. स्वयंपाक तिथेच, झोपणे तिथेच. आठवडाभर माणसे हलली नाहीत, आणि राज्य सरकारला काम थांबवण्याचा हुकूम द्यावा लागला.

मी तुमसरला बाबांना फोन केला. ते म्हणाले, “तेरा नंबर? फार चांगला माल आहे त्यात.” मग बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, “देव आहे म्हणून कुणी सांगितलं नव्हतं आम्हाला.” बाबांच्या बोलण्यात लबाडी नव्हती. त्यांनी एकही दिवस हातचे राखून काम केले नाही, आणि माझी फी, बहिणीचे लग्न, आजीचे मोतीबिंदूचे ऑपरेशन हे सगळे त्या डोंगरांतून आले. ज्याला आपण मध्यमवर्ग म्हणतो तो अशा कुठल्या ना कुठल्या डोंगरातूनच बाहेर पडलेला असतो. आमचा फक्त डोळ्यांना दिसत होता.

२०२२ च्या हिवाळ्यात मी किरंदुलला गेलो. आमच्या क्वार्टरमध्ये ओडिशातले एक तरुण कुटुंब होते. त्यांनी चहा दिला, तसबिरीचा खिळा अजून होता. तिथून मित्राकडे गेलो. क्वार्टर सुटल्यावर त्याच्या वडिलांनी वस्तीत मातीचे घर बांधले होते. ते वारले, आता त्यावर सिमेंटचा मजला चढला आहे. तो स्वतः वाहनांच्या सुट्या भागांचे दुकान चालवतो. त्याने मला गच्चीवर नेले आणि समोरची रांग दाखवत एकेका डोंगराचे नाव सांगितले. क्रमांक मी म्हणायचा आणि नाव त्याने, असे आम्ही करत गेलो. काही डोंगर आता नावापुरतेच उरले आहेत. पायऱ्या-पायऱ्यांनी उतरत खाली गेले. ती नावे मी वहीत लिहून घेतली आहेत. त्यांचे उच्चार गोंडी आहेत, आणि माझ्या कानाने ते बरोबर टिपले की नाही हे तपासून घ्यायचे राहिले आहे, म्हणून इथे देत नाही.

खाली आलो तर त्याची आई अंगणात चिंच फोडत बसली होती. आता तीही सत्तरीच्या पुढची. भोवती तीन नातवंडे. तिने मला ओळखले नाही. मित्राने सांगितल्यावर माझा हात हातात घेतला आणि हलबीत विचारले,

“तुचो आया?”

आई २०१६ मध्ये वारली. ते तिला कसे सांगावे म्हणून मी हलबी शब्द जुळवू लागलो, पण इतक्या वर्षांनी ते जमेनात. शेवटी मराठीतच म्हणालो, “आई गेली.”

तिला समजले. तिने मान हलवली, चिंचेचे सूप बाजूला सारले आणि मला बसायला जागा केली.